ग्रेड दोन

उचा झोपला की त्याचा फोन माझा.
पडद्याला कोपऱ्यात तडा गेलाय, मुळासारखा फाटे फुटलेला;
त्याच्याखाली येईल ते अक्षर अंदाजाने वाचायचं.

रिपोर्टावर लिहिलंय : ग्रेड दोन.
आमच्या बागेतला ग्रेड एक तिबिलिसीच्या बाजारात जायचा,
पेटीतून, एकेक सफरचंद कागदात गुंडाळून.
ग्रेड दोन रसाच्या कारखान्याला, उघड्या ट्रकमधून.
तीन डुकरांना.
म्हणून आधी वाटलं, ठीक आहे,
रसापर्यंत तरी पोचेन.

मग आमच्या जॉर्जियन भाषेत विचारलं.
चार पानं आली.
दोन दवाखान्यांच्या जाहिराती, एका संताची तसबीर,
आणि कुणीतरी वारल्याची बातमी.
पहाटे दोन वाजता, खोलीत कुणी नाही ना बघून,
रशियनमध्ये विचारलं.

ती भाषा मी एका ऑगस्टात बागेच्या फाटकाशी ठेवून आले होते.
रणगाड्यावरचं पोर आज उचा आहे एवढंच असेल.
म्हणालं, मावशी, पाणी दे. आणि मग नीघ इथून.
मी पाणी दिलं. निघाले.
त्यानंतर जिभेवर येऊ दिली नाही.
आता बोटांवर येते,
एकही चूक न करता :
गाठीला काय म्हणतात, मळमळीला काय म्हणतात,
अजून किती, हे कसं विचारतात.

आणि मग पूरच आला.
साखर सोडा. बीट प्या. साखरेवर रॉकेलचे थेंब घ्या
(रॉकेल आम्ही दिव्यात घालायचो).
पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ
जर्दाळूच्या कडू बिया विकत होता, डोळ्यांत पाणी आणून.
पलीकडच्या घरातली झुझुना त्याच बिया पिशवीभर घेऊन आली,
फोडून, निवडून, बोटं सुजेपर्यंत.

जर्दाळू मला शिकवतात!
आमच्या ठिपकेवाल्या शेळीने एकदा फोडलेल्या बियांच्या ढिगात तोंड घातलं,
दिवेलागणीपर्यंत पाय ताठ.
कोटवाल्याला ती शेळी माहीत नाही.
झुझुनाला म्हटलं, खाते हं रोज.
पिशवी उंदरांच्या औषधाशेजारी ठेवलीये.

एका पानावर आकडा होता.
पाच वर्षांनंतर शंभरातल्या किती जणी.
पहिला अंक नेमका तड्याखाली,
सात असेल, एक असेल.
बोटाने जरा वर सरकवलं असतं तर दिसला असता.
फोन उशीखाली ठेवला.

डॉक्टर ग्वासालिया मी बसायच्या आत म्हणाले,
इंटरनेटवरचं काही वाचू नका.
मी उचाची गणिताची वही काढली.
मागच्या पानावर नऊ प्रश्न, तीन भाषांतले शब्द, एकच अक्षर.
तिसऱ्यापर्यंत ते घड्याळ बघत होते.
चौथ्याशी थांबले. फाइल पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.
हे औषध सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी लागते,
ती लिहायची राहिली होती.
लिहायला पेन माझंच मागितलं.
चुकलं म्हणाले नाहीत.
निघताना म्हणाले, पुढच्या वेळी वही आणा.

रविवारी उचाने फोन बराच वेळ वरखाली केला.
मी काय काय विचारलंय ते सगळं
ओळीने तिथं साठून राहतं, हे मला कुठं माहीत.
औषधांची नावं, केस, नखं, हाडं, शवपेटीचा दर,
त्याने सगळं वाचलं. वर पाहिलं नाही.
मग एकदम :
आजी, हे काय?
'सरकारी घराच्या अंगणात सफरचंदाचं कलम जगतं का.'
जगतं?
जगतं म्हणे, माती बदलली तर.
आणि फळ कधी?

चहा गार झाला होता तरी मी फुंकर घातली.
पाच वर्षं म्हणतात, मी म्हटलं.
खड्डा मात्र कमरेइतका खोल हवा.
फावडं झुझुनाकडे आहे. जा, मागून आण.